शाम्पू सोडून शिकेकाई-रिठ्यावर येताना या चुका टाळा

शाम्पू बंद करून घरी केलेल्या काढ्याने केस धुवायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत तक्रारी सुरू होतात. केस मेणचट लागतात, नाहीतर कोरडे होऊन गुंततात, डोकं खाजतं, खांद्यावर पांढरं काहीतरी पडलेलं दिसतं. त्यावर सगळीकडून एकच उत्तर मिळतं: थोडं सोसा, आतली रसायनं बाहेर पडताहेत, केसांना सवय होईल. हे उत्तर चुकीचं आहे. त्यापायी लोक कितीतरी महिने खराब केस घेऊन वावरतात आणि शेवटी वैतागून सगळंच सोडून देतात. टाळूच्या वर आलेला केस निर्जीव असतो. तो काही बाहेर टाकत नाही आणि त्याला कशाची सवयही लागत नाही. तैलग्रंथी किती तेल सोडणार हे मुख्यतः शरीरातली संप्रेरकं ठरवतात. म्हणजे त्रास होतोय तर पाणी, प्रमाण, पद्धत किंवा टाळूचं आरोग्य यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. ते शोधता येतं, आणि बऱ्याचदा पुढच्याच धुण्याला दुरुस्तही करता येतं.

जुना थर न काढताच सुरुवात

बऱ्याच शाम्पू-कंडिशनरमध्ये सिलिकोन असतं. बाटलीवरच्या यादीत डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन अशी 'कोन'ने संपणारी नावं दिसली की समजायचं. केसावर त्याचा पातळ थर बसतो, म्हणून हाताला केस गुळगुळीत लागतात. शिकेकाई आणि रिठ्यात फेस करणारं द्रव्य म्हणजे सॅपोनिन. ते घाम, धूळ आणि टाळूचं तेल काढतं, पण हा थर त्याने पूर्ण निघेलच असं नाही.

म्हणून शाम्पूचं शेवटचं धुणं मुद्दाम करा: सिलिकोन नसलेला, सल्फेट (जोरात साफ करणारं, फेस आणणारं द्रव्य) असलेला साधा पारदर्शक शाम्पू घ्या, त्याने दोनदा धुवा आणि कंडिशनर लावू नका. त्यानंतर केस थोडे राठ लागले तर घाबरू नका. रंगाने किंवा ड्रायरने झालेलं नुकसान इतके दिवस सिलिकोनखाली झाकलेलं होतं, ते उघडं पडलं एवढंच. त्याचा दोष काढ्याला देऊ नका. काढ्याने ते भरून येईल ही आशाही ठेवू नका. दुभंगलेली टोकं कापावीच लागतात. आणि काढ्याने धुऊन झाल्यावर जुनंच सिलिकोनचं कंडिशनर लावत राहिलात तर थर पुन्हा चढत जातो.

काढ्याचं प्रमाण अंदाजपंचे

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. खांद्यापर्यंतच्या केसांसाठी हे प्रमाण धरा: बी काढलेले ४–५ रिठे, शिकेकाईच्या ८–१० सुक्या शेंगा, १ मोठा चमचा आवळकाठी आणि ७५० मिली पाणी. रात्रभर भिजत ठेवा. सकाळी मंद आचेवर १५–२० मिनिटं उकळा. भांडं स्टीलचं आणि अर्धं रिकामं राहील एवढं मोठं घ्या, कारण रिठा फसफसून उतू जातो. लोखंडी कढईत आवळा-शिकेकाई उकळली की त्यांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोहाशी मिसळून काढा काळा होतो आणि टॉवेलवर, फरशीवर डाग पडतात. थंड झाल्यावर हाताने नीट कुस्करा आणि मलमलच्या कापडातून गाळा. कुस्करण्याचा कंटाळा करू नका; भिजून मऊ झालेल्या सालीतला बराचसा अर्क त्यानेच पाण्यात उतरतो.

रिठा साफ करतो आणि केस कोरडेही करतो. म्हणून केस राठ झाले तर आधी रिठे दोनवर आणा, शिकेकाई तेवढीच ठेवा. उलट केस तेलकट राहत असतील तर एक-दोन रिठे वाढवा. एका वेळी एकच जिन्नस बदला आणि तीन धुण्यांपर्यंत तसंच ठेवा. मेथी, जास्वंद, नागरमोथा, कोरफड असं सगळं पहिल्याच दिवशी एकत्र घातलं तर खाज कशाने सुटली हे कधीच कळणार नाही. नवा जिन्नस कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबायचं, मगच डोक्यावर. वनस्पतीचीही ॲलर्जी येते.

तयार पूड थेट डोक्यावर थापणं ही आणखी एक चूक. पुडीचे कण केसांच्या मुळाशी अडकतात, वाळल्यावर झडतात आणि माणूस त्यालाच कोंडा समजून आणखी पूड लावतो. ओळखायची खूण सोपी आहे: पडलेला कण दोन बोटांत चोळा. खरखरीत, तपकिरी लागला तर पूड. पातळ, पांढरट किंवा तेलकट पापुद्रा असेल तर कोंडा. पूडच वापरायची असेल तर २ मोठे चमचे शिकेकाई आणि १ छोटा चमचा रिठा ५०० मिली पाण्यात १० मिनिटं उकळा आणि दुहेरी कापडातून गाळा. पूड घरी दळत असाल तर नाकातोंडाला फडकं बांधा. ती नाकात गेली की शिंका थांबत नाहीत.

काढा मगाने डोक्यावर ओतणं

शाम्पू घट्ट असतो, जिथे लावाल तिथे राहतो. काढा पाण्यासारखा पातळ. मगाने ओतला की तो टाळूवर न थांबता घरंगळत टोकांकडे आणि डोळ्यांत जातो. परिणामी टाळू तेलकट राहते आणि मुळातच कोरडी असलेली टोकं आणखी सुकतात.

अरुंद तोंडाची पिळायची बाटली घ्या. आधी केस कोमट पाण्याने एक-दोन मिनिटं पूर्ण भिजवा. मग भांग पाडत जा आणि प्रत्येक भांगात थोडा काढा सोडा: कपाळापासून मागे, कानांच्या वर, आणि मानेच्या वरचा भाग. हा मागचा भाग जवळजवळ सगळ्यांचाच राहून जातो. चिकटपणाची पहिली तक्रार तिथूनच येते. बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटं चोळा, नखं लावू नका. धुवा, आणि उरलेल्या काढ्याने हेच पुन्हा करा. टोकांना वाहून आलेलं तेवढं पुरतं. शेवटी निदान दोन मिनिटं पाणी सोडा.

फेस शाम्पूएवढा येणार नाही आणि यायची गरजही नाही. फेस पाहिजे म्हणून रिठे वाढवत गेलात तर केसांचा झाडू होईल.

मान मागे टाकून, डोळे मिटून धुवा. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं आणि डोळे तासन्‌तास लाल राहतात. गेलंच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा. त्यानंतरही दुखलं किंवा अंधुक दिसलं तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहान मुलांसाठी रिठा वगळून नुसती सौम्य शिकेकाई वापरा आणि तीही डोळ्यांपासून जपून.

पाणी जड आहे हे न ओळखणं

तोच काढा, तीच पद्धत, तरी एकाचे केस सुरेख आणि दुसऱ्याचे मेणचट. असं असेल तर आधी पाण्याकडे बघा. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली नळाचं पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचं थोडं द्रावण टाका (डिटर्जंट चालणार नाही) आणि जोरात हलवा. वर टिकणारा फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस लगेच बसला, पाणी दुधाळ झालं आणि वर साय तरंगली तर पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं.

त्या सायीकडे नीट बघा, कारण हाताने बनवलेल्या 'नैसर्गिक' साबणाने केस धुतले की हेच डोक्यावर घडतं. साबणातली मेदाम्लं पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधली जातात आणि पाण्यात न विरघळणारा थर केसांवर बसतो. फणी फिरवली की दातांमध्ये राखाडी मळ जमतो. कितीही पाणी ओतलं तरी तो निघत नाही, आणि त्यावर पुन्हा साबण लावला की वाढतो. इथे हट्ट न करता एकदा साध्या शाम्पूने धुऊन टाका. जड पाण्यात केसांना साबण लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सॅपोनिनची साबणासारखी साय होत नाही, त्यामुळे अशा पाण्यात शिकेकाई-रिठा कितीतरी बरा.

जड पाण्यात धुतलेले केस वाळल्यावर निस्तेज, खडबडीत लागतात. त्यासाठी शेवटचं पाणी थोडं आम्ल करा: १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा साधं ५ टक्क्यांचं व्हिनेगर, किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड. केसांवरून ओता, मिनिटभर थांबा, साध्या पाण्याने धुवा. वास जातो. आठवड्यातून एकदा पुरे. पावसाचं गाळलेलं किंवा फिल्टरचं क्षार काढलेलं लिटरभर पाणी शेवटी वापरता आलं तर त्याहून उत्तम.

सोडा आणि लिंबू

खाण्याचा सोडा लावून धुवायचं आणि वरून व्हिनेगर ओतून 'समतोल' साधायचा, ही कृती फार पसरली आहे. ती करू नका. टाळूचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५.५ असतो, केसाचा त्याहूनही कमी. सोड्याच्या पाण्याचा ८ च्या पुढे. अशा अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, वरचे खवले उघडतात, केस एकमेकांवर घासून तुटतात. नंतर आम्ल ओतल्याने पीएच खाली येतो, तुटलेले खवले जागेवर येत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस केस फारच स्वच्छ वाटतात, म्हणून ही सवय सुटत नाही.

निव्वळ लिंबाचा रस दुसऱ्या टोकाला: त्याचा पीएच २ ते २.५. खाजवलेल्या टाळूवर तो जळजळतो. शिवाय रस कपाळावर, मानेवर राहिला आणि ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. वापरायचाच तर लिटरला १ मोठा चमचा गाळलेला रस, आणि नंतर स्वच्छ पाणी.

तेल जास्त, धुणं सौम्य

वाटीभर तेल चोपडून काढ्याने धुतलं तर केस चिकट राहणारच. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ साली जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. पण त्यासाठी थोडं तेल पुरतं. धुण्याआधी तासभर १ ते २ छोटे चमचे, तेही मधल्या भागाला आणि टोकांना. एरंडेल दाट असतं, काढ्याने लवकर सुटत नाही. सुरुवातीला ते टाळाच.

धुतल्यावर केस गुंतत असतील तर तेलाऐवजी जवसाचा गर करून बघा. २ मोठे चमचे जवस ५०० मिली पाण्यात ८–१० मिनिटं उकळा, चमचा उचलल्यावर तार धरली की उतरवा आणि गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर तो कापडातून उतरतच नाही. ओल्या टोकांना एक मोठा चमचा पुरे.

आठवड्याचा साठा एकदम करणं

काढ्यात टिकाऊपणासाठी काहीही नसतं. बाहेर ठेवलेला काढा दिवसभरात आंबायला लागतो, फ्रिजमध्ये २–३ दिवस टिकतो. आंबट वास, तार, बुडबुडे किंवा वर तवंग दिसला की फेकून द्या. व्हिटॅमिन ईची गोळी किंवा सुगंधी तेलाचे थेंब टाकून जंतू थांबत नाहीत. जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

कोंड्याला कोरडेपणा समजणं

खाज आणि पापुद्रे दिसले की लोक आधी तेल लावतात. कोंड्याशी मालासेझिया नावाच्या यीस्टचा (एक प्रकारच्या सूक्ष्म बुरशीचा) संबंध असतो आणि ती टाळूवरच्या तेलावरच जगते. म्हणजे तेलाने कोंडा वाढू शकतो, आणि सौम्य काढ्याने कमी वेळा धुतल्यानेही. धुणं वाढवून दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर केटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑनचा औषधी शाम्पू डॉक्टरांना विचारून वापरा. एकीकडे औषध आणि एकीकडे काढा असं चालतं. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. टी ट्री तेल निव्वळ कधीच लावू नका, त्याने टाळू भाजल्यासारखी होते.

गळलेले केस बघून घाबरणं, किंवा दुर्लक्ष करणं

दिवसाला ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे. रोज धुणारा माणूस आठवड्यातून एकदा धुवायला लागला की सुटलेले केस डोक्यातच अडकून राहतात आणि एकाच दिवशी जाळीवर पुंजका दिसतो. तेवढ्याने काढा बंद करू नका. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. नेमका त्याच सुमारास शाम्पू बदललेला असला तर दोष उगाच काढ्यावर येतो.

पण नाण्याएवढी गोल चकती, भांग रुंद होत जाणं, टाळूवर जाड चंदेरी खपल्या, पू किंवा दुखणाऱ्या पुळ्या दिसल्या तर घरचे प्रयोग थांबवा. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेली, खवलेदार चकती दिसली तर ती बुरशी असू शकते. तिला पोटात घ्यायचं औषध लागतं, वरून काहीही लावून ती जात नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना डोक्याला काय काय लावत होतात त्याची प्रमाणासह यादी सोबत न्या आणि आदल्या दिवशी तेल लावू नका, म्हणजे टाळू नीट तपासता येते.