वस्तरा बनवायचाय? मग ग्राइंडिंगला घाई करू नका

वस्तरा बनवण्याचे जे व्हिडिओ फिरत असतात त्यात भट्टी, लालभडक पोलाद, तेलातून उठणारा धूर हे सगळं अगदी चवीने दाखवतात, आणि ज्या कामावर तो वस्तरा दाढी करणार की गाल सोलणार हे ठरतं ते ग्राइंडिंग, म्हणजे चाकावर घासून पात्याला आकार देणं, मात्र झटक्यात उरकतात. म्हणून इथे बाकीचं थोडक्यात आणि ग्राइंडिंग सविस्तर.

पोलाद: तापमान धरून ठेवणारी भट्टी असेल तर ओ-1, नसेल तर 1084 (दोन्ही पोलादाच्या जातींची नावं). जाडी 6 मिमी घ्या. स्टेनलेसच्या नादाला पहिल्यांदा तरी लागू नका, साध्या भट्टीत ते नीट कडक होत नाही.

कापण्याआधी एक हिशोब पक्का करा. वस्तऱ्याची धार लावताना पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, म्हणजे कोन तुमचा हात ठरवत नाही, पाठीची जाडी ठरवते. पातं 19 मिमी रुंद आणि पाठ 5 मिमी असेल तर कोन साधारण 15 अंश येतो, पाठ 6 मिमी ठेवली तर 18. या दोन्हीच्या मध्ये राहा. पाठ 4 मिमीवर आली की कोन 12 अंशांवर घसरतो आणि इतकी बारीक धार टिकत नाही, तिचे कण उडतात. ‘पाठ दिसायला छान पातळ करा’ असं कुणी सांगितलं तर सरळ दुर्लक्ष करा.

आकार कापा, पातं दांड्यात ज्यावर फिरतं त्या पिनचं भोक आत्ताच पाडा (कडक झाल्यावर ड्रिल आत जाणार नाही), धारेकडे जवळपास 1 मिमी जाडी सोडून ढोबळ ग्राइंड करा, एवढंच. कडक करण्यासाठी तापवताना 1084 ला चुंबक चिकटायचं बंद झालं की अजून थोडं तापवून कोमट तेलात बुडवायचं, मग 200 अंश सेल्सिअसला दोन-दोन तास दोनदा टेंपर, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं.

आता खरं काम. मला सगळ्यात जास्त दमवलं ते याच पायरीने. वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू चाकावर घासून आतून खोलगट करतात, त्याला हॉलो ग्राइंड म्हणतात. खोली किती येणार ते चाकाचा व्यास ठरवतो: 16 मिमी उंचीच्या पट्ट्यात 200 मिमीच्या चाकाने मध्यभागी 0.32 मिमी खोली येते, 100 मिमीच्या चाकाने बरोबर दुप्पट, 0.64. आणि हे एका बाजूचं झालं, दोन्ही बाजू मिळून तेवढं दुप्पट धातू जातं. त्यामुळे लहान चाक लावून पहिल्याच वस्तऱ्याला फुल हॉलो (अगदी खोल ग्राइंड) करायला जाऊ नका, पातं मध्येच इतकं पातळ होतं की कळायच्या आत हातातून गेलेलं असतं. मोठं चाक, क्वार्टर हॉलो (उथळ ग्राइंड), बास. दाढी त्यानेही उत्तम होते.

सुरू करण्याआधी धारेच्या कडेवर मार्कर फासा आणि बरोबर मधोमध रेघ ओढा. पात्याच्या जाडीएवढ्याच व्यासाचा ड्रिल बिट सपाट फरशीवर आडवा ठेवून त्याच्या टोकाने ओढली की रेघ आपोआप मध्यावर येते. मग दोन्ही बाजू आलटून पालटून घासा, एका बाजूला दोन-तीन फेऱ्या झाल्या की लगेच पलटा. ‘एक बाजू पूर्ण करून मग दुसरी’ हा सल्ला जिथे वाचाल तिथेच सोडा, कारण पातं एकीकडे वाकतं आणि धार मधल्या रेघेवरून सरकते, मग ती परत आणायला धातूच उरत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. हातमोजे काढा, पात्याला उघडी बोटं लागलेली हवीत, बोटाला चटका जाणवला की पाण्यात, आणि धार पातळ होत गेली की प्रत्येक फेरीनंतर पाण्यात. चाकावरचा घासायचा पट्टा नवा आणि वेग कमी ठेवा, बोथट पट्टा कापत नाही, नुसता तापवतो. कडेला निळा रंग चढला तर तेवढा भाग नरम पडला, कितीही पॉलिश केलं तरी तिथे धार धरणार नाही, तो भाग घासून काढून टाकणं हाच उपाय. तोंडाला मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसात जाते.

धार वर करून दिव्याखाली धरा. कडेवर चमकणारी रेघ टोकापासून टाचेपर्यंत (दांड्याकडच्या टोकापर्यंत) सारख्या जाडीची दिसली पाहिजे, जिथे ती रुंद तिथे अजून धातू आहे. ही रेघ जेमतेम दिसेल इतकी राहिली की चाक बंद, पुढचं दगडाचं काम.

दांड्याला दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये मागच्या टोकाला पाचर, पिनसाठी 1.6 मिमी पितळी तार आणि वॉशर. तारेची टोकं चपटी करताना हातोडी हलक्या हाताने मारा, पातं मिटताना मधोमध बसलं पाहिजे.

धारेसाठी 1000, 4000, 8000, मग 12000 ग्रिटचा दगड (आकडा मोठा तितका दगड बारीक). कडेला मार्कर लावून 1000 च्या दगडावर दोन हात फिरवा, शाई सगळीकडून सारखी गेली तर ग्राइंड सरळ आहे, कुठे राहिली तर वरच्या दगडावर जाऊच नका, 1000 वरच थांबा. शेवटी चामड्याचा पट्टा, पाठ पुढे आणि धार मागे, वळवताना पाठीवरच वळवा, धारेवर वळवलात तर पट्टाही कापला जातो आणि लावलेली धारही जाते.