थायरॉइड काढल्यावर टीएसएच अन् त्रासाकडं लक्ष कसं ठेवायचं

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस टीएसएचपेक्षा (गोळीचा डोस बरोबर बसतोय का ते सांगणारी रक्ततपासणी) कॅल्शियमकडं जास्त बघा, ते कमी पडू शकतं. ओठाभोवती मुंग्या, बोटं बधिर, हाताला गोळे येऊन बोटं आखडायला लागली तर सकाळपर्यंत वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

थायरॉक्सिनची गोळी (काढलेल्या थायरॉइडचं काम करणारी) उठल्याउठल्या साध्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासानं, चहाशिवाय आपला दिवस उगवत नाही हे खरंय पण इथं ऐकावंच लागतं. कॅल्शियम अन् लोहाच्या गोळ्या 4 तासांनी. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात गोळ्या खिडकीत नका ठेवू.

टीएसएच डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी करायची, आधी केली तर आकडा धड कळत नाही, कारण हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असलं तर लॅबवाल्याला अन् डॉक्टरला आधीच सांगा, रिपोर्ट चुकतो त्यानं.

वहीत तारीख, डोस, वजन, नाडी लिहीत जा. मे महिन्यात परभणीला घाम अन् जीव घाबरा सगळ्यांचाच होतो, म्हणून नाडी पहाटे गारव्यात पडल्यापडल्या मोजा, तेव्हाही 100 च्या वर अन् हात थरथरत असले तर डोस जास्त होत असेल. उलट अंग जड, बद्धकोष्ठ, लई झोप, थंडी वाजणं म्हंजे कमी पडत असेल. गोळी मात्र स्वतःच्या मनानं कमी-जास्त करायची नाही.

कॅन्सरसाठी काढली असेल तर काही जणांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, थायरोग्लोब्युलिनपण (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) रक्तात तपासतात, त्यामुळं शेजारणीच्या रिपोर्टशी आपला जुळवत बसू नका.