सगळा दम पहिल्याच फोर्टेला घालवू नका

न्यू जर्सीत किंवा अमेरिकेत कुठेही, शाळेत बँड घेतलेल्या आणि थंडी पडल्यावर फुटबॉलच्या मैदानावरून उठून बँडरूममध्ये येऊन बसलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितेय. त्यांच्या आईबाबांनीही वाचलं तर बरं, कारण 'बँड' म्हटलं की आपल्याकडे अजून लग्नातला लाल कोटवाला बँडच डोळ्यांपुढे येतो. मार्चिंग बँडबद्दल मी काही सांगणार नाही. ऑगस्टच्या उन्हात ज्यानं बँड कॅम्प काढलाय त्याला कुणी काही सांगायची गरज नसते. माझा विषय कॉन्सर्ट सीझन. चीअरिंगची गाणी कपाटात जातात, फोल्डरमध्ये अचानक होल्स्ट, वॅग्नर, शोस्ताकोविच या मोठ्या संगीतकारांच्या रचना येऊन पडतात आणि पहिल्याच रिहर्सलला अंगावर काटा येतो. तो काटा खरा असतो. गोत्यातही तोच आणतो.

मी सातवीत असताना आम्ही पुण्याहून इकडे आलो. गाठीला थोडासा तबला आणि हार्मोनियमवर जेमतेम अलंकार. फ्लूट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोनच्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून मला युफोनियम मिळालं. हे ट्यूबाच्या घराण्यातलं, आकारानं त्याहून लहान पितळी वाद्य. आईला वाटलं, उरलंसुरलं पोरीच्या गळ्यात मारलं. माझं मत विचाराल तर नव्या मुलानं उरलंसुरलंच मागून घ्यावं. युफोनियम, ट्यूबा, बासून, बॅरिटोन सॅक्स ही वाद्यं महाग, त्यामुळे बहुतेक शाळांकडे ती स्वतःची असतात आणि दुकानाचं महिन्याचं भाडं वाचतं. शिवाय फ्लूटच्या लांबलचक रांगेत तुम्ही वाजवलंत काय आणि नाही वाजवलंत काय, कुणाला पत्ता लागत नाही. आम्ही युफोनियमवर दोघंच होतो. लपायला जागाच नाही, त्यामुळे झक मारत शिकावं लागतं.

आणि या वाद्यांना काम भारी मिळतं. होल्स्टची 'फर्स्ट सुइट' (1909) सुरू होते तेव्हा पूर्ण बँड गप्प असतो आणि फक्त ट्यूबा-युफोनियम वाजतात. त्याच होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधल्या 'मार्स'मध्ये टेनर ट्यूबाचा जो भाग आहे, तो युफोनियमवर वाजवतात, आणि तिथे थेट ट्रंपेटशी सवाल-जवाब आहे. घरी आजीला सांगायला एक गोष्ट देते. हा होल्स्ट लंडनला मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारा मास्तर, स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा, आणि चक्क संस्कृत शिकला होता. ऋग्वेदातल्या सूक्तांवर त्यानं रचना केल्या, महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. माझ्या आजीनं हे ऐकल्यावर 'तो भोंगा बंद कर' म्हणणं सोडून दिलं.

'मार्स' पाच मात्रांत आहे. तबला शिकलेल्यांनी हुरळून जाऊ नये. पहिल्या मात्रेत तीन, मग दोन सरळ मात्रा, चौथीत दोन, पाचवी सरळ, आणि हे असं जात्यासारखं फिरतच राहतं. झपतालाची सवय असेल तर पाच मोजायला वेळ लागत नाही. अडचण असते ती पहिल्या तीनची. उत्साहात ते घाईनं उरकले जातात आणि सगळा बँड हळूहळू पळत सुटतो. मेट्रोनोम लावा, हाताने मांडीवर वाजवा, पुढचं जमतं.

आता मुख्य मुद्दा. इथे मी लांबण लावणार आहे, कारण एवढी एकच गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती.

या संगीतात जोर कागदावर लिहिलेला असतो. एक एफ, म्हणजे फोर्टे, म्हणजे जोरात, दोन म्हणजे फार जोरात, तीन म्हणजे त्याहून. 'मार्स'च्या मूळ स्वरलिपीत शेवटाजवळ चार एफ आहेत. नवा मुलगा काय करतो? पहिला एफ दिसला की जीव ओततो. त्याचा दोष नसतो. मागे टिंपनी हा मोठा नगारा घुमत असतो, शेजारी ट्यूबा, खुर्चीचा पत्रा मांड्यांखाली थरथरतो, छातीत धडधड होते. तेवढ्यात खांदे आपोआप वर जातात, श्वास पोटापर्यंत न जाता गळ्याशीच अडतो, आणि हात नकळत माउथपीस ओठांवर दाबायला लागतो. पितळी वाद्यात आवाज ओठांच्या कंपातून निघतो, वाद्य तो फक्त घडवतं आणि मोठा करतं. माउथपीस दाबून धरला की ओठांतलं रक्त अडतं, ओठ बधिर होतात, थरथरायचे थांबतात. दोन पानं हे चालतं. त्यानंतर जिथे खरोखर सगळं द्यायचं असतं, तिथे बोटं बरोबर व्हॉल्व्हवर पडतात, फुंकही जाते आणि वाद्यातून नुसती हवा बाहेर येते. वसंतातल्या माझ्या पहिल्या कॉन्सर्टला शेवटचं पान असंच गेलं. ट्रंपेटवाले जोरात होते म्हणून प्रेक्षकांना कळलं नाही. शेजारच्याला कळलं.

ढोल-ताशा पथकातून आलेल्यांना हे जास्त जड जातं. ढोल पहिल्या ठोक्यापासून जीव तोडून वाजवायचा असतो आणि हात भरून आले तर तो दुसऱ्याच्या कमरेला जातो. इथे तुमचे ओठ दुसऱ्याला देता येत नाहीत.

तेव्हा असं करा. नवं पान हातात आलं की सुरुवातीपासून वाजवायला घेऊ नका. शेवटचं पान उघडा. पूर्ण रचनेत सगळ्यात जोराची जागा कुठली ते शोधा. ती एकच असते, दोन असतील तर डायरेक्टरांना, म्हणजे बँडच्या मास्तरांना, विचारा. तिथे पेन्सिलनं दहा लिहा. मग उलटं मागे या आणि प्रत्येक फोर्टेला आकडा द्या. त्याच्या आधीचा आठ, त्याआधीचा सात, पहिला बहुतेक पाच. होय, पाच. कागदावर एफ असला तरी. तुमच्या एकट्याच्या पाचाचा बँडमध्ये मिळून आठ होतो, कारण तुमच्यासारखे पन्नास जण वाजवत असतात. रेस्ट, म्हणजे न वाजवायची जागा, आली की वाद्य मांडीवर उतरवा, ओठ सैल सोडा, रक्त परत येऊ द्या. बरेच जण रेस्टमध्येही माउथपीस ओठांना लावून बसतात, ऐटीत. ती ऐट शेवटच्या पानावर महागात पडते.

आणि घरी जोरात वाजवायचा सराव करू नका. हे उलटं वाटेल, पण ताकद हळू वाजवण्यातून येते. एकच सूर, अगदी बारीक आवाजात, जेवढा वेळ स्थिर राहील तेवढा धरायचा. अपार्टमेंटच्या लाकडी भिंतींना आणि शेजाऱ्यांनाही तेच सोसतं. ओठ ठणकायला लागले तर त्या दिवशी थांबा. कॉन्सर्टच्या दिवशी सकाळी तर वाद्याला हात न लावलेला बरा, संध्याकाळच्या वॉर्म-अपपुरतं ठेवा. घाबरू मात्र नका. ओठांचे स्नायू सरावानं हळूहळू तयार होतात.

हे शिकायला माझ्या मते सगळ्यात चांगली रचना म्हणजे 'एल्साज प्रोसेशन टू द कथीड्रल'. वॅग्नरच्या 'लोहेनग्रिन' ऑपेरातला हा प्रवेश. 1850 साली वायमारला त्याचा पहिला प्रयोग संगीतकार फ्रान्झ लिस्टनं बसवला आणि वॅग्नर स्वतः तेव्हा जर्मनीबाहेर परागंदा होता. बँडसाठी तो उतरवला लुसियन कायेनं, जो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवायचा. सुरुवात वुडविंडची, म्हणजे फ्लूट-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांची, अगदी दबकत. ब्रासवाले, म्हणजे पितळी वाद्यांचे, कितीतरी वेळ नुसते बार (आपली आवर्तनं समजा) मोजत बसतात. (बोटांवर मोजा, ओठांवर नको, आणि शेजाऱ्यानं वाद्य उचललं म्हणून आपण उचलू नका, तोही चुकलेला असू शकतो.) मग थर चढत जातात. ऑपेरात ऑर्ट्रूड ही खलनायिका मध्येच वाट अडवते आणि मिरवणुकीचा विचका होतो. बँडच्या प्रतीत असलं काही नाही, मिरवणूक थेट शेवटापर्यंत जाते. ई फ्लॅट, म्हणजे आपली काळी दोन. त्या शेवटच्या स्वरमेळात बसल्यावर आपला आवाज आपल्याला वेगळा ऐकूच येत नाही. तो फक्त छातीच्या पिंजऱ्यात जाणवतो, आणि ओठ ताजे असतील तर तिथून उठावंसं वाटत नाही.

या रचनेतली एक गंमत आहे. सगळे हळू वाजवत असताना खालच्या सुरांनी कोपऱ्यातल्या स्नेअर ड्रमच्या तारा आपोआप थरथरू लागतात. कुणी हात लावलेला नसतो आणि सर्रर्र असा आवाज येतो. पर्कशनवाला झटकन बाजूचा खटका पाडून तारा सोडवतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी खोड्या काढतंय असं वाटलं होतं. युफोनियमच्या हळू सुरातही केवढं बळ असतं ते मला त्या सर्ररनं पटलं.

लांब सुरांत श्वासाचंही ठरवून घ्या. सगळ्यांनी बारच्या रेघेवर श्वास घेतला की आवाजात खड्डा पडतो. शेजाऱ्याशी बोलायचं, तू तिसऱ्या मात्रेनंतर घे, मी पुढच्या बारमध्ये घेते, आणि पेन्सिलनं स्वल्पविराम काढून ठेवायचा. श्वास घेताना सूर हळूच सोडायचा, परत हळूच यायचं. ऐकणाऱ्याला मधली फट कळतच नाही.

पेन्सिलबद्दल बोलतेच आहे तर आणखी एक. नोटांखाली सारेगम लिहू नका. आपल्याकडून आलेल्या प्रत्येकाला हा मोह होतो. रचनेत मध्येच की, म्हणजे पट्टी, बदलते, सा हलतो आणि सगळं लिहिलेलं खोटं पडतं. बोटांचे आकडे लिहिणंही तसंच. युफोनियमवर बी फ्लॅटला एकही बोट नाही आणि वरच्या एफलाही नाही, मग शून्य शून्य लिहून करणार काय? सूर ओठांनी बदलायचा असतो. कान मात्र आपले चांगले तयार असतात, ते वापरा. बँड बी फ्लॅटला जुळवतात, ती काळी पाच. हार्मोनियमच्या ॲपवर तो सूर लावून गुणगुणा, मग वाजवा. क्लॅरिनेट-ट्रंपेटवाल्यांच्या कागदावर तो सी दिसतो, आल्टो सॅक्सवाल्यांच्या जी, हॉर्नवाल्यांच्या एफ. हे पहिल्या आठवड्यात गोंधळात टाकतं आणि नंतर विसरायलाही होतं. वाद्य तापलं की सूर चढतो, म्हणून थंड वाद्य जुळवून उपयोग नाही.

यूट्यूबवर मोठमोठ्या ऑर्केस्ट्रा ऐकाच, पण पान समोर धरून ऐका. नुसतं हेडफोन लावून अंगावर काटा आणून घेणं म्हणजे सराव नव्हे. आमच्या सेक्शनमध्ये निम्म्या मुलांची तयारी एवढीच होती.

प्रायव्हेट टीचर हवा का, हे आईबाबा फार लवकर विचारतात. पहिल्या वर्षी नको, असं माझं ठाम मत आहे. तुमच्याच सेक्शनमधला बारावीचा मुलगा किंवा मुलगी पकडा. तेच पान, तीच अडलेली जागा, तेच डायरेक्टर, आणि फीच्या जागी एखादा डोनट. आमच्या सेक्शनमधल्या सीनियरनं मला पहिल्यांदा सांगितलं, 'खांदे खाली', आणि त्या दोन शब्दांनी जे झालं ते पुढे पैसे देऊन लावलेल्या मास्तरांनी झालं नाही. रीजन बँडच्या किंवा ऑल-स्टेटच्या, म्हणजे अनेक शाळांतून निवडलेल्या बँडच्या, ऑडिशनला बसणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे स्केल, सोलो आणि न पाहिलेलं पान वाजवून दाखवणं हे सगळं असतं, तेव्हा शिकवणारा हवा.

टिंपनीच्या किंवा ट्रंपेटच्या पुढ्यात बसत असाल तर संगीतवाल्यांचे इअरप्लग घ्या. कापसाचे बोळे नकोत, त्यानं वरचे सूर मरतात आणि आपण सुरात आहोत की नाही तेच कळत नाही.

आता आईबाबांचा विषय. बऱ्याच शाळांत एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयांना जीपीएत, म्हणजे गुणांच्या सरासरीत, जादा वजन असतं, बँडला नसतं. म्हणजे बँडमध्ये ए मिळाला तरी वेटेड सरासरी थोडी खाली येते. दहावी-अकरावीच्या सुमाराला काउन्सेलर हे सांगतात, घरी चर्चा होते आणि चांगली वाजवणारी मुलं एका सहीत बाहेर पडतात. आमच्या वर्षी एक फारच सुंदर ओबो वाजवणारी मुलगी अशीच गेली आणि त्या सीझनला ओबोचा सोलो क्लॅरिनेटनं वाजवला. काही शाळांत ऑनर्स बँड असतो. जागा त्याच रिहर्सलमध्ये, वर जादा सोलो किंवा ऑडिशनचं काम, आणि मग वजनही मिळतं. ते कुणी आपणहून सांगत नाही. पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म हिवाळ्यातच येतो. तो भरायच्या आधी डायरेक्टरांच्या खोलीत जाऊन तुमच्या शाळेत अशी सोय आहे का ते विचारा. नसेल तर त्यांनाच काउन्सेलरशी बोलायला सांगा. त्यांना बँडमध्ये माणसं हवीच असतात, विशेषतः खालच्या सुरांची.