स्कॅनर जोडण्याआधी तो उलटा करून बघा

माझा पहिला फ्लॅटबेड स्कॅनर सुरू केला तेव्हा तो खर्र-खर्र करून जागीच अडकला. मी सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं, केबल बदलली, कंपनीला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. शेवटी वैतागून उलटा केला, तर बुडाला कुलपाचं चित्र असलेलं एक बटण! काचेखाली सेन्सरचा जो दांडा सरकतो तो प्रवासात आदळू नये म्हणून कारखान्यातूनच अडकवून पाठवतात. तेव्हा खोक्यातून काढल्यावर पहिलं काम म्हणजे ते बटण उघड्या कुलपाकडे सरकवा. सगळ्या मॉडेलना ते नसतं, पण बघायला काय जातं?

केबल लगेच खुपसू नका. विंडोजवर बऱ्याच यूएसबी स्कॅनरना, विशेषतः जुन्यांना, आधी ड्रायव्हर (कॉम्प्युटरला स्कॅनरशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर) आणि मग केबल असा क्रम लागतो. उलट झालं आणि स्कॅनर ओळखला गेला नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमधली ती नोंद काढा, केबल उपसा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या, सोबतची सीडी बहुधा शिळी असते. कुणाचा जुना स्कॅनर आयता मिळत असेल तर हरखून जाण्याआधी एक तपासा, त्याचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजला चालतो का. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. अशा अनाथ स्कॅनरांना व्ह्यूस्कॅन (विकतचं आहे) किंवा लिनक्सवरचं सेन (SANE) ही सॉफ्टवेअर बऱ्याचदा जिवंत करतात. मॅकवर स्कॅनिंगसाठी इमेज कॅप्चर असतंच.

ज्या पातळ स्कॅनरला वेगळा अडॅप्टर नसतो तो वीजही यूएसबीतूनच ओढतो. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. हबवर (एका पोर्टाची अनेक करणाऱ्या डबीवर) तेच माऊस आणि पेनड्राइव्हबरोबर वाटून घ्यावं लागलं, की स्कॅन अर्ध्यावर थांबू शकतो. थेट कॉम्प्युटरच्या पोर्टात लावा.

आता रिझोल्यूशन. इथे सगळेच फसतात, मीही फसलो. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या मी हौसेनं १२०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करायला घेतल्या. रंगीत ए४ पानाला त्या हिशेबानं चारशे एमबीच्या वर जागा लागते! तेच पान ३०० डीपीआयला २६ एमबीत बसतं. डीपीआय दुप्पट केला की ठिपके आडवेही दुप्पट, उभेही दुप्पट, म्हणजे फाइल चौपट. मजकुराला ३०० भरपूर, छोट्या फोटोंना ६००. मूळ प्रत टिफ (TIFF) फाइलमध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला त्यावरून जेपेग काढा. खोक्यावरचा अवाढव्य आकडा बघून भुलू नका. ‘ऑप्टिकल’ शब्दापुढे जो आकडा असेल तोच खरा, बाकीचे ठिपके सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरलेले.

त्याच वह्यांनी आणखी एक धडा दिला. कागद पातळ, दोन्ही बाजूंना शाईनं लिहिलेला. स्कॅनमध्ये मागच्या पानावरचे आकडे उलटे होऊन पुढच्या पानात मिसळत होते, सात की एक ते कळेना. कारण झाकणाचं अस्तर पांढरं. कागदातून आरपार गेलेला उजेड तिथे आपटून परत येतो आणि मागची शाई दाखवतो. पानामागे काळा कार्डशीट ठेवला आणि भुतं गेली. कागद जरा करडा दिसतो, तेवढा ब्राइटनेस वाढवायचा.

काच पुसताना स्प्रे काचेवर मारू नका, कडेनं आत झिरपतो. मऊ फडक्यावर मारून मग पुसा. आणि प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच जागी ठिपका दिसत असेल तर तो काचेवरचा. वरपासून खालपर्यंत सरळ रेघ दिसत असेल, तर जिथून स्कॅन सुरू होतो त्या टोकाची काच नीट पुसून बघा. तिथल्या पांढऱ्या पट्टीवर स्कॅनर दरवेळी आपला पांढरा रंग जुळवून घेतो. पुसूनही रेघ राहिली तर कचरा काचेच्या आतल्या बाजूला आहे, आणि तिथे स्वतः हात घालण्याआधी वॉरंटीचा कागद शोधा.