शोमधलं ठिकाण शोधायचंय? ट्रक सोडा, रिक्षा बघा

'द अमेझिंग रेस' या प्रवास-शर्यतीच्या अमेरिकी रिअ‍ॅलिटी शोच्या 2001 मधल्या पहिल्याच सीझनमध्ये स्पर्धक बिकानेरजवळच्या देशनोकला, करणीमातेच्या उंदरांच्या मंदिरात गेले होते. असं नावाजलेलं ठिकाण लगेच सापडतं. खरी गंमत मधल्या धावपळीतली गल्ली, चौक, ढाबा शोधण्यात.

व्हिडिओ थांबवा आणि स्पर्धकांकडे नव्हे, त्यांच्या मागे बघा. दुकानाच्या पाटीवर तळाशी बारीक अक्षरात 'मु. पो., ता., जि.' असेल तर निम्मं काम झालं. नाहीतर गाड्यांचे नंबर. एमएच 18 म्हणजे धुळे, 19 जळगाव, 39 नंदुरबार. पण ट्रकच्या नंबरावर विसंबू नका, तो देशभर फिरतो. रिक्षा सहसा गाव सोडत नाही. एकाच फ्रेममध्ये तीन-चार रिक्षा एकाच पासिंगच्या दिसल्या, की जिल्हा पक्का धरा.

पिकावरून मात्र घाईनं ठरवू नका. केळीचे बाग दिसले की आपल्याला लगेच जळगाव जिल्ह्यातलं रावेर-यावल आठवतं, पण पलीकडे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरातही केळीच केळी! तिथल्या गाड्यांवर एमपी 68 असतं. रस्त्याकडेचा मैलाचा दगडही बघा: माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

तालुका कळला, की गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर पाण्याची टाकी, मंदिराचा कळस, टॉवर जुळवा. पाट्या बदलतात, टाकी सहसा हलत नाही. आणि एपिसोडमधला क्रम खरा धरू नका. संपादनात दोन लांबची ठिकाणं सहज शेजारी येतात.