एका खेपेत स्टेजवर: हलका बेस, हलका ॲम्प आणि बॅग भरण्याची तयारी

नवा बेस (म्हणजे बेस गिटार) बघायला निघण्याआधी घरातला वजनकाटा बाहेर काढा. आत्ता जो बेस वाजवताय तो गळ्यात अडकवून काट्यावर उभे राहा, मग बेस खाली ठेवून पुन्हा उभे राहा आणि दोन आकड्यांमधला फरक कागदावर लिहा. ॲम्प (बेसचा आवाज मोठा करणारं यंत्र) उचलून तेच करा, नंतर केबल आणि पेडलच्या बॅगेचंही. शेवटी बेरीज करा. आपला बेस साडेचार किलोंचा आहे हे बहुतेकांना तोवर ठाऊकच नसतं. कार्यक्रमानंतर खांदा का भरून येतो, याचं उत्तर मात्र त्या कागदावर सापडतं.

माझी कसोटी एकच आहे. गाडीपासून स्टेजपर्यंत सगळं सामान एकट्याने, एका खेपेत, जिना चढून गेलं पाहिजे, आणि चढताना एक हात कठड्यासाठी मोकळा राहिला पाहिजे. म्हणजे पाठीवर बेस, खांद्याच्या बॅगेत हेड (ॲम्पचा स्पीकरशिवायचा भाग) आणि केबल, एका हातात कॅबिनेट (स्पीकरचं खोकं). यात जे बसत नाही ते मी घेत नाही, कितीही छान वाजत असलं तरी. दोन खेपा म्हणजे अर्धं सामान कुठेतरी राखणीशिवाय उभं राहणार, आणि वाजवायला बसण्याआधीच आपण दमलेलो असणार.

वजन कमी करायची सुरुवात बेसपासून करा. ॲम्प हातात पाच मिनिटं असतो, बेस खांद्यावर तीन-तीन तास. उभ्याने वाजवणाऱ्यासाठी मी ३.६ किलो ही वरची मर्यादा धरतो आणि पाठीचा त्रास आधीपासून असेल तर तीन किलोंच्या आसपास शोधायला सांगतो. लाकडाच्या नावावर विसंबू नका. बासवुड, पॉप्लर आणि ओकुमे सहसा हलकी निघतात, ॲशमध्ये मात्र पिसासारखे आणि दगडासारखे दोन्ही प्रकार सापडतात. एकाच मॉडेलच्या दोन नगांत अर्ध्या किलोचा फरक पडू शकतो. म्हणून माहितीपत्रकातला आकडा न बघता समोरचा नग तोला. लांबून मागवत असाल तर विकणाऱ्याकडून बेस काट्यावर ठेवलेला फोटो मागा. ज्याला खरंच विकायचं आहे तो पाठवतो.

पण नुसतं हलकं असणं पुरेसं नाही, तोल हवा. बेस पट्ट्याने गळ्यात अडकवा आणि दोन्ही हात सोडून द्या. नेक (तारा दाबायची लांब दांडी) हळूहळू जमिनीकडे झुकू लागला तर तो बेस तुमचा डावा हात दिवसभर राबवणार आहे, कारण वाजवता वाजवता नेकही सावरावा लागेल. बॉडी खूप हलकी आणि हेडस्टॉक (नेकचं टोक) जड असला की असं होतं. पट्ट्याची वरची खुंटी बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास येत असेल तर तोल बहुधा बरा असतो. ती बॉडीच्या दिशेने मागे असेल तर सावध राहा. आवडलेला बेस थोडासाच झुकत असेल तर ट्यूनर (हेडस्टॉकवरचे तार पिळायचे कान) बदलून बघा. हलके ट्यूनर जुन्या मोठ्या कानांच्या ट्यूनरपेक्षा जवळपास निम्म्या वजनाचे असतात. चौघांत मिळून दीडेकशे ग्रॅम वाचतात, आणि ते नेकच्या अगदी टोकावरून वाचतात म्हणून फरक मोठा जाणवतो. पट्टा तीन-चार इंच रुंद आणि आतून खरखरीत घ्या. इतक्या कमी पैशात एवढा आराम देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

शॉर्ट स्केल (आखूड तारांचा) बेस हा पर्याय पुष्कळ जण उगाच नाकारतात. फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला तेव्हा तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवली आणि तेच माप रूढ झालं. त्याच कंपनीने १९६६ साली मस्टँग बेस ३० इंचांत काढला. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेसही शॉर्ट स्केलचाच, बॉडी पोकळ, त्यामुळे वजन अगदी कमी. तो घेण्यामागे दोन साधी कारणं होती: तो त्यांच्या खिशाला परवडला, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्या हातात उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. हलकं आणि स्वस्त म्हणजे दुय्यम, असं मानणाऱ्यांनी त्या बेसचा आवाज आठवावा. शॉर्ट स्केलवर खालची ई तार थोडी सैल लागते आणि आवाज गोलसर येतो. काही गाण्यांना तोच हवा असतो; तारांवर अंगठा आपटून खडखडीत स्लॅप करणाऱ्याला कदाचित रुचणार नाही. तारा मात्र शॉर्ट स्केलच्याच घ्या, लांब संच कापून बसवू नका.

आज परवडणाऱ्या किमतीत स्क्वायर ब्राँको, ग्रेचचा ज्युनिअर जेट आणि आयबानेझ टॅलमनचा टीएमबी३० हे शॉर्ट स्केलमध्ये बघण्यासारखे आहेत. पूर्ण मापाचाच हवा असेल तर आयबानेझची एसआर मालिका आधी हातात घ्या, कारण तिची बॉडी पातळ आणि नेक सडपातळ असतो. वाद्यरचनाकार नेड स्टाइनबर्गर यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली हेडस्टॉक नसलेली रचना तोलाचा प्रश्न मुळातूनच सोडवते, आणि आता ती कमी किमतीतही मिळते. पाच तारांचा मोह गरज असेल तरच करा. जादा तार म्हणजे रुंद नेक, एक ट्यूनर जास्त आणि टोकाला अधिक वजन.

बेस जुना घ्यायला मी कचरत नाही. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघा. कागदाएवढी बारीक फट हवी. ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली सळई) दोन्हीकडे फिरतो का, की आधीच शेवटपर्यंत आवळलेला आहे, हे विचारू नका, फिरवून दाखवायला सांगा. नॉब फिरवताना होणारी खरखर स्वच्छ करता येते. पिळवटलेला नेक सरळ होत नाही.

आता ॲम्प. अँपेगचा एसव्हीटी १९६९ साली आला. त्याची ताकद ३०० वॅट होती आणि आत सगळं काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचं. त्याच घराण्यातल्या एसव्हीटी-सीएल हेडचं वजन ३६ किलो, आणि आठ स्पीकरांच्या ८१० कॅबिनेटचं ६३ किलोंच्या वर. तो आवाज छातीत बसतो, मला आजही प्रिय आहे. पण तेवढीच वॅटची ताकद आज दोन किलोंच्या हेडमध्ये मिळते, आणि हे कसं घडलं ते समजलं की खरेदी सोपी होते. जुन्या ॲम्पमध्ये भिंतीतली वीज लोखंडी गाभ्याच्या अवजड ट्रान्सफॉर्मरमधून जायची. आता पॉवर सप्लाय ती वीज आधी फार जलद चालू-बंद करतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहानसा पुरतो. क्लास डी ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टरही अर्धवट उघडे न राहता पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होत राहतात. उष्णतेत वाया जाणारी वीज कमी होते, म्हणून उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या लागत नाहीत. ट्रेस इलियटचा एल्फ २०० वॅटचा आहे आणि वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे गिगबॅगच्या खिशातच मावतो.

कॅबिनेटमध्ये वजन वाचतं ते मॅग्नेटमुळे. फेराइटऐवजी निओडायमियम मॅग्नेट असला की एका स्पीकरमागे दोन-तीन किलो सहज कमी होतात. किंमत वाढते, हे खरं. पैसे मर्यादित असतील तर मी ते हेडपेक्षा कॅबिनेटवर घालेन, कारण आवाजाचा खरा स्वभाव तिथेच ठरतो. वॅटच्या आकड्याने भारावू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. उलट ९७ऐवजी १०० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचं (तेवढ्याच ताकदीत किती आवाज निघतो याचं माप) कॅबिनेट घेतलं की वॅट दुप्पट केल्याचाच फायदा होतो. आणि स्पीकरच्या जगात एक अटळ हिशेब आहे, हॉफमनचा नियम: लहान खोकं, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. छोट्या हलक्या कॅबिनेटकडून तळाचा गडगडाट मागू नका. खालची ई तार ४१ हर्ट्झची असते, पण तिचा आवाज ओळखू येतो तो बराचसा ८२ हर्ट्झच्या आणि त्याच्या वरच्या स्वरांमुळे. म्हणून ॲम्पवरचा बेसचा (खर्जाचा) नॉब थोडा खाली आणि लो-मिड (खर्जाच्या लगेच वरचे स्वर) थोडे वर ठेवले तर छोटं कॅबिनेटही बँडमधून नीट ऐकू येतं, आणि स्पीकरला धाप लागत नाही. हाय-पास फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) असेल तर ३०-४० हर्ट्झपाशी लावून टाका.

ओहमचा (कॅबिनेट विजेला करतं त्या अडथळ्याचा) हिशेब खरेदीआधीच करून ठेवा. ८ ओहमची दोन कॅबिनेट एका हेडला जोडली की ४ ओहम होतात, ४ ओहमची दोन जोडली की २. बरीच हलकी हेड ४ च्या खाली चालत नाहीत. म्हणून आज एक ८ ओहमचं, एका बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट घ्या आणि पुढे गरज पडली तर तसंच दुसरं. छोट्या जागी एक न्यायचं, मोठ्या जागी दोन. एका ८ ओहमच्या कॅबिनेटवर हेडच्या खोक्यावर छापलेली पूर्ण ताकद मिळत नाही, साधारण निम्म्याहून थोडी जास्त मिळते, हे लक्षात असू द्या.

वेगवेगळी जोडाजोड नको असेल तर कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) घ्या. फेंडर रम्बल १०० फक्त १० किलोंचा आहे, रम्बल ५०० दोन दहा इंची स्पीकरांसह साडेसोळा किलोंचा. या मालिकेला मी निःसंकोच पसंती देतो, किमतीच्या मानाने आवाज फार चांगला आहे.

जुनं काय आणि नवं काय, याबद्दल माझं मत पक्कं आहे. बेस जुना चालेल, कॅबिनेट जुनं चालेल (आधी स्पीकरचा कागद फाटलेला नाही ना ते बघून आणि एकेक स्वर हळूहळू वर चढवत घरघर ऐकून), पण क्लास डी हेड शक्यतो नवं, वॉरंटीसकट घ्या. त्याची दुरुस्ती म्हणजे बऱ्याचदा सगळं सर्किट बोर्डच बदलणं असतं.

त्यानंतरचे पैसे डीआय (बेसचा आवाज थेट साउंड सिस्टिमला देणारी जोडणी) असलेल्या प्रीॲम्प पेडलवर (टोन घडवणाऱ्या पेडलवर) घाला. जिथे मोठी साउंड सिस्टिम आहे तिथे श्रोत्यांपर्यंत बेस पोचतो तो डीआयमधून; आपला ॲम्प फक्त आपल्याला आणि ड्रमरला ऐकू येण्यासाठी असतो. मॉनिटर भरवशाचे असतील तर ॲम्प घरी ठेवून नुसतं पेडल घेऊन जाता येतं. आणि भर कार्यक्रमात हेड गप्प झालं, तर त्या पेडलवरून पुढचं गाणं सुरू होतं. माझ्यावर ती वेळ आली आहे. दोन गाण्यांमधल्या टाळ्या संपायच्या आत मी पुन्हा वाजवत होतो. हेडमधला डीआय वापरताना तो ‘प्री’वर ठेवा, म्हणजे स्टेजवर तुम्ही टोन बदललात तरी सभागृहातला आवाज हलत नाही. गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, पण प्लगची अर्थिंग कधीही काढू नका.

आदल्या रात्री बॅग भरताना स्पीकर केबल आणि गिटार केबल वेगळ्या रंगाच्या टेपने ओळखून ठेवा. दोन्ही दिसायला सारख्या, पण हेड ते कॅबिनेट गिटारची बारीक केबल लावली तर ती तापते आणि हेड धोक्यात येतं. लॉक होणारी स्पीकॉन केबल असेल तर हा घोळ होतच नाही. शिवाय एक जादा गिटार केबल, एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड, सूर जुळवायचा ट्यूनर, तारांचा एक संच, ॲलन की, टॉर्च, कानातले प्लग. ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) बेस असेल तर नऊ व्होल्टची नवी बॅटरी, वेष्टनात. दुसऱ्या देशात वाजवायला जाणार असाल तर हेड तिथल्या व्होल्टेजवर आपोआप चालतं की मागचा स्विच बदलावा लागतो, हे निघण्याआधी हेडच्या पाठीवर वाचून घ्या.

कार्यक्रम संपला की सगळ्यात आधी बेसमधली केबल उपटा. जॅक आत राहिला की ॲक्टिव्ह बेस चालूच राहतो, आणि आजची नवी बॅटरी पुढच्या साउंडचेकला उतरलेली मिळते.