पोट डब्ब झालं की लगेच पाचक सिरप? पाचक रसांबाबत या चुका टाळा

जेवण झालं, पोट जड वाटलं, की मेडिकलमधून आणलेल्या पाचक सिरपचे दोन चमचे घ्यायचे, ही आता अनेक घरांतली रीत झाली आहे. त्यामागे समज असा असतो की आपल्या शरीरात पाचक रस कमी तयार होतात आणि ते बाहेरून भरून काढावे लागतात. बहुतेक निरोगी माणसांच्या बाबतीत हे खरं नाही. या समजापायी त्रासाचं खरं कारण शोधायचं राहून जातं, नको ती औषधं वर्षानुवर्षं चालू राहतात आणि ज्या थोड्यांना एन्झाइमची खरोखर गरज असते त्यांचं निदान लांबतं.

एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातली विकरं. लाळेतलं अमायलेज भात-पोळीतला स्टार्च तोडायला लागतं. जठरातलं पेप्सिन आम्लाच्या मदतीने प्रथिनं तोडतं. स्वादुपिंडातून अमायलेज, चरबी तोडणारं लायपेज आणि प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन लहान आतड्यात उतरतात. यकृतातून येणारं पित्त तेला-तुपाचे बारीक थेंब करतं, म्हणजे लायपेजला काम सोपं जातं. शेवटी आतड्याच्या अस्तरावरची लॅक्टेज, माल्टेज, सुक्रेज ही विकरं साखरांचे शेवटचे तुकडे करतात. लाळेपासून आतड्यापर्यंत सगळे रस मिळून दिवसाला साधारण ७ लीटर होतात.

यातलं प्रत्येक विकर ठरावीक रेणूवरच चालतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती आजही शिकवली जाते. म्हणून ‘मला पचत नाही’ एवढ्याने काही कळत नाही. नेमकं काय पचत नाही, हे आधी शोधावं लागतं.

पाचक रस कमी आहेत असं गृहीत धरणं

स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी जास्त विकरं तयार करतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की स्वादुपिंडाची विकरं नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय चरबी न पचता शौचावाटे जायला लागत नाही. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त झाल्या म्हणून हा साठा संपत नाही. त्या दिवशी पोट जड होतं ते जठर ताणलं गेल्यामुळे. शिवाय जेवणात तूप-तेल जास्त असलं की जठर मुद्दाम सावकाश रिकामं होतं. असं जेवण पुढे सरकायला चार तास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. याला उपाय एकच, थोडं कमी वाढून घेणं आणि पुढच्या जेवणाची घाई न करणं.

दुधाचा त्रास आणि दह्यालाही शिक्षा

एका विकराची कमतरता मात्र खरोखर सर्रास आढळते, ते म्हणजे लॅक्टेज. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, हेच विकर तोडतं. तान्हेपणी ते भरपूर असतं आणि जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये मोठं होता होता कमी होतं. भारतात उत्तरेपेक्षा दक्षिणेत हे प्रमाण जास्त आहे. न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू ते आंबवतात. मग अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांच्या आत गुडगुड, वायू, कळ, कधी पातळ शौच. हा आजार नाही आणि ही दुधाची ॲलर्जीही नाही. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडतो. तशी लक्षणं असतील तर घरी कसलेही प्रयोग करू नयेत.

मोठी चूक होते ती यानंतर. दुधाचा त्रास कळला की दूध, दही, ताक, पनीर, तूप एका दमात बंद केलं जातं. एवढं करायची गरज नसते. एक कप दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि लॅक्टेज कमी असलेल्या अनेकांना तेवढंही जेवणासोबत घेतलं तर सोसतं. चहातल्या दुधाचा तर बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच वापरलेलं असतं, आणि ते जिवाणू स्वतःचं विकर घेऊन आतड्यात पोचतात व तिथेही थोडं काम करतात. चक्का टांगला की पाण्यासोबत आणखी लॅक्टोज निघून जातं. तुपात ते जवळजवळ नसतंच. उलट बासुंदी, खवा आणि दुधाची पावडर घातलेल्या मिठायांत लॅक्टोज एकवटलेलं असतं. ‘दूध तर मी घेतच नाही’ म्हणणाऱ्यांचं पोट पेढ्यांनी बिघडतं ते यामुळे.

घरी तपासायचं असेल तर दोन आठवडे दूध आणि दुधाच्या मिठाया बंद ठेवा, मग एके दिवशी नुसतं कपभर दूध पिऊन बघा. त्रास परत आला तर अंदाज बरोबर. खात्री हवी असेल तर हायड्रोजन ब्रेथ टेस्ट, म्हणजे श्वासातला हायड्रोजन मोजणारी तपासणी होते. तुपाने किंवा तळणानेही त्रास होत असेल, तर लॅक्टेजला दोष देऊ नका. तेलकट खाल्ल्यावर पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे दुखून ती कळ पाठीत किंवा खांद्याकडे जात असेल, तर पित्ताशयात खडे आहेत का हे सोनोग्राफीत बघून घ्यावं. दूध खरोखरच कमी करावं लागलं तर कॅल्शियमचा विचार करा. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि तिळातही ते चांगलं असतं.

लहान मुलांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. जोरदार जुलाब होऊन गेल्यावर आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं, त्यामुळे काही दिवस किंवा आठवडे लॅक्टेज कमी पडू शकतं. अस्तर भरून आलं की तेही परत येतं. त्यासाठी बाळाचं अंगावरचं दूध थांबवू नये, जुलाब चालू असतानाही नाही. ‘याला दूध पचतच नाही’ असा शिक्का एकदा बसला की तो मुलाबरोबर कॉलेजपर्यंत जातो. म्हणून महिन्याभराने पुन्हा देऊन बघा.

कडधान्यांच्या गॅसवर सिरप

चवळी, वाल, हरभरे, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर माणसाच्या आतड्यात कुणाच्याच नसतं. त्यामुळे उसळ खाल्ल्यावर वायू धरणं ही तुमच्या पचनशक्तीची उणीव नव्हे. त्या साखरा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न आहेत. मेडिकलमधल्या नेहमीच्या सिरपमध्ये डायस्टेज आणि पेप्सिन असतं. डायस्टेज स्टार्च तोडतं, पेप्सिन प्रथिनं. या साखरांना त्यातलं काहीच लागू पडत नाही.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. कडधान्य रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर आणखी चांगलं, कारण कोंब फुटताना बी त्या साखरा स्वतःसाठी वापरून टाकतं. वालाच्या बिरड्यात दाणे भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मग शिजवायचे, ही सगळी खटपट पोटाच्या दृष्टीनेही सार्थकी लागते. हिंग आणि ओवा या साखरा तोडत नाहीत, पण कळ कमी होते असा अनेकांचा अनुभव आहे, तेव्हा ते जरूर घाला. कडधान्यांची सवय नसेल तर अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा. आतड्यातले जिवाणू काही आठवड्यांत जुळवून घेतात.

याच संदर्भात हल्ली दिसणारी एक चूक म्हणजे प्रोटीन मिळावं म्हणून कच्ची मोडाची कडधान्यं वाडगाभर खाणं. अनेक कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात आणि सोयाबीनमध्ये ती विशेष जास्त असतात. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधलं असं एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळं केलं होतं. मोडांमुळे ते पुरतं जात नाही, त्याला आच द्यावी लागते. मूग-मटकीला चांगली वाफ पुरते. राजमा मात्र कधीही अर्धकच्चा खाऊ नये. त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे काही तासांत जोराच्या उलट्या होऊ शकतात. भिजवणीचं पाणी टाका, निदान दहा मिनिटं खळखळ उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा.

एकमेकांचं काम बिघडवणारी औषधं

सिरपच्या लेबलवर ‘फंगल डायस्टेज १:१२००, पेप्सिन १:३०००’ असं काहीसं असतं. म्हणजे प्रयोगशाळेत एक भाग डायस्टेज १२०० भाग स्टार्च तोडतं, आणि पेप्सिनचा आकडा तसाच प्रथिनांचा. या बुरशीजन्य डायस्टेजची सुरुवात जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांच्यापासून झाली. त्यांनी १८९४ मध्ये कोजी बुरशीपासून ते काढण्याच्या रीतीचं अमेरिकेत पेटंट घेतलं. औषध जुनं आहे, एखाद्या दिवशी घेतल्याने बिघडत नाही. पण त्याच जेवणावर सिरप घ्यायचं आणि वर सोडा किंवा फसफसणारी पावडर प्यायची, यात काही अर्थ राहत नाही. पेप्सिन आम्लातच चालतं आणि सोडा ते आम्ल मारतो. अशा पावडरींमध्ये सोडियमही बरंच असतं, ब्लडप्रेशरच्या रुग्णांनी त्या रोज घेऊ नयेत.

काही पाचक गोळ्यांमध्ये चारकोल, म्हणजे औषधी कोळसा असतो. तो इतर औषधं स्वतःत शोषून घेतो, म्हणून थायरॉइडच्या किंवा बीपीच्या गोळीबरोबर ती घेऊ नका. मधलं अंतर किती ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. चारकोलने शौच काळं होतं, आणि जठरातल्या रक्तस्रावानेही ते काळं होतं. चारकोल घेतला नसताना डांबरासारखं काळं, चिकट शौच झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सकाळी उठल्यावर घ्यायच्या ॲसिडिटीच्या गोळ्या, पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलच्या जातीच्या, हा तर फार पसरलेला प्रकार आहे. डॉक्टरांनी दोन-चार आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी तीन-चार वर्षं चालू राहते. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटायला आम्ल आणि पेप्सिन दोन्ही लागतात, आणि या गोळ्या आम्लच कमी करतात. शाकाहारी माणसात बी-१२ आधीच कमी असू शकतं, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी घटतं. मग हातापायांना मुंग्या येतात आणि त्याचा या गोळीशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळतं, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

घाईचं जेवण

चावण्याला पर्याय नाही. अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांचा रुग्ण अलेक्सिस सेंट मार्टिन याला १८२२ मध्ये बंदुकीची गोळी लागली होती आणि त्याच्या जठरापर्यंत जाणारं छिद्र कायमचं उघडं राहिलं. बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्यातून आत सोडत आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून बघत. अन्न जितकं बारीक तितकं लवकर विरघळतं आणि रुग्ण चिडलेला असला की पचन बिघडतं, असं त्यांनी १८३३ च्या पुस्तकात नोंदवलं. घास भराभर गिळताना हवाही पोटात जाते, ढेकर येतात ते बऱ्याचदा या हवेचे. जेवताना पाणी प्यायल्याने पाचक रस पातळ होऊन निकामी होतात, ही भीती मात्र सोडून द्या. तहान लागली तर प्या. रात्री जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा, आणि जळजळ होत असेल तर डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे आम्ल वर कमी येतं.

गॅस समजून वेळ घालवणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. छातीवर दाब, दंडात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, घाम, दम लागणं यांपैकी काही असेल तर ओवा-सोडा घेऊन वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये हार्ट ॲटॅक नुसत्या मळमळीच्या आणि थकव्याच्या रूपातही येतो.

कारण नसताना वजन घटणं, गिळताना अडकणं, सतत उलट्या, शौचात रक्त, कावीळ, रक्त कमी होणं, किंवा आयुष्यभर पोट चांगलं असताना पन्नाशीनंतर अचानक अपचन सुरू होणं, यांत सिरपने दिवस ढकलू नयेत.

आणि ज्यांना खरोखर कमतरता आहे

स्वादुपिंडाची जुनाट सूज, त्याचं ऑपरेशन, सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार, अशा स्थितींत विकरं खरोखर कमी पडतात. शौच फिकट, तेलकट, फार दुर्गंधीचं होतं, भांड्याला चिकटतं, पाणी ओतूनही जात नाही, आणि खाऊनही वजन उतरतं. रक्तातल्या अमायलेजवरून ही कमतरता कळत नाही. तो आकडा वाढतो तो मुख्यतः स्वादुपिंडाला अचानक सूज आली की. कमतरतेसाठी शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं विकर तपासतात. ते ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर शंका घेतात, मात्र नमुना पातळ असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो.

या रुग्णांच्या पॅन्क्रिॲटिन, म्हणजे स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूल ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. त्यांची मात्रा लायपेजच्या युनिटमध्ये असते आणि मोठ्यांना एका जेवणाला ती बहुधा २५,००० ते ५०,००० युनिटपासून सुरू करतात. इथली नेहमीची चूक म्हणजे ती कॅप्सूल जेवणानंतर घेणं. ती पहिल्या घासाबरोबर घ्यावी, जेवण लांबणार असेल तर थोडी मात्रा मध्ये. आतले दाणे चावू नयेत, त्यांचं कवच आम्लापासून विकर वाचवण्यासाठी असतं. दूध-बिस्किटांसारख्या मधल्या खाण्यालाही सहसा कमी मात्रा लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही डबी गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका, उष्णतेने विकरं मरतात आणि गोळी वरून तशीच दिसते. ही औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ज्यांना धर्मामुळे किंवा आहाराच्या नियमांमुळे ते अडतं, त्यांनी परस्पर बंद न करता डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं.